दाराआडचं कार्ड

६ सप्टेंबर

चिऊ,

तू फेकलेलं पातेलं माझ्या डाव्या भुवईवर बसलं. तीन टाके पडले. टाके घालणाऱ्या नर्सने विचारलं, कुणी मारलं? म्हटलं, धाकट्या बहिणीने, लहानपणापासून नेम चांगला आहे तिचा. ती हसली नाही. पोलिसांत कळवायचं का म्हणाली. एका घरातला एक माणूस आत आहे तेवढा पुरे, असं सांगून मी तिथून उठलो.

पुन्हा दारात दिसलास तर पातेल्यावर भागणार नाही, असं तू म्हणालीस. ठीक आहे, नाही येत. पण पत्राला काही फेकून मारता येत नाही, म्हणून लिहितोय. समोरासमोर बोलायला बसलो असतो तर मी दुसऱ्या वाक्याला चिडलो असतो आणि तू पहिल्याच. आपल्या घराण्यात रागाच्या बाबतीत कुणी कधी हात आखडता घेतलेला नाही.

थोरलीबद्दल लिहायला घेतलं तर पेनाने कागद फाटला. हा दुसरा कागद आहे. नऊ वर्षांची पोर, सात दिवसांच्या तापात गेली. चार दिवस झाले, मला अजून तिचा आवाज ऐकू येतो. ‘मामा, बूट बाहेर.’ एवढंच म्हणते. मी जिथे जातो तिथे बूट बाहेर काढून ठेवतो. ऑफिसातले लोक एकमेकांकडे बघतात.

दाजींसाठी वकील लावलाय. त्यांनी टायरच्या दुकानात घुसून पंक्चरकाकाला मारलं हे कुणीच नाकारत नाही, ते स्वतःही नाही. ‘एकट्याने मारलं’ असा जबाब दिलाय त्यांनी. लेकीला स्मशानात पोहोचवून परत येणाऱ्या बापाच्या डोळ्यांत रक्त उतरणारच. काका जगेल म्हणतात. एक डोळा मात्र गेला, आणि डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलाय.

आता कामाचं. एकोणीस वर्षं डास विभागात घासली आहेत मी, तेव्हा भाऊ म्हणून नको ऐकूस, पण खात्याचा म्हणून ऐक. धाकटीला दिवसासुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. हा डास रात्रीचा नाही, दिवसाढवळ्याचा आहे. सकाळी आणि उन्हं कलताना जास्त चावतो. दुपारी झोपली तरी मच्छरदाणी लाव. फ्रिजच्या मागच्या ट्रेमधलं पाणी काढ. कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घाल. न्हाणीघरातलं पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घास, कारण अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. नुसतं ओतून भागत नाही. वरची टाकीही बघून घे एकदा. फुलदाणी असेल तर तीही.

आणि एक. दाराआडचं कार्ड, ज्यावर आम्ही दर आठवड्याला तपासणीची सही करतो, ते काढून पाकिटात घालून पाठव. खात्याने नवीन कार्डं छापली आहेत, जुनी गोळा करायची आहेत. विसरू नकोस.

तुझा
दादा

९ सप्टेंबर

चिऊ,

माझं पत्र सात तुकडे होऊन परत आलं. पाकिटावर पत्ता तुझ्या सुबक अक्षरात, तिकीट अगदी सरळ चिकटवलेलं. रागातसुद्धा तुझा नीटनेटकेपणा सुटत नाही. फाडायचंच होतं तर फाडून केरात टाकायचंस. पण मग मला कळलं कसं असतं, नाही का? कार्ड मात्र पाठवलं नाहीस.

मी तुकडे जुळवून पाहिले. टाकीचं वाक्य जिथे होतं तिथूनच फाटलंय. वाचून फाडलंस की न वाचता, हे समजायला मार्ग नाही. म्हणून पुन्हा लिहितो. टाकी बघ. बाकीचं नंतर, आधी टाकी.

काल आमची माणसं तुमच्या गल्लीत धूर मारायला आली. तू खिडकी लावून घेतलीस ते मी कोपऱ्यावरून पाहिलं. इस्त्रीवाल्याने पहिला दगड मारला. म्हणाला, पोर मेल्यावर आलात होय, आता काय तिच्या नावाने धूर काढताय? मग सगळी गल्लीच बाहेर आली. मुकादमाच्या पाठीत वीट बसली. आमच्या एकाचा दात पडला. माझ्या खांद्याला धुराचं यंत्र होतं, त्याची नळी तापून लाल झालेली असते. इस्त्रीवाला माझी कॉलर धरायला आला आणि मी नळी त्याच्या दंडाला लावली. लागली असं म्हणत नाही, लावली म्हणतो. कातडी सोलून निघाली. तो ओरडला तेव्हा मला बरं वाटलं, मग लगेच उलटी झाली, तिथेच, शिंपीणबाईंच्या पायरीवर. दहा दिवसांत माझ्या हातून घडलेली ही दुसरी मारहाण. पहिली कोणती ते आज विचारू नकोस.

इस्त्रीवाला बोलला ते चूक नव्हतं. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. आठवड्या-दहा दिवसांत पुन्हा तेवढेच डास तयार होतात. आम्ही धूर मारतो तो लोकांना दिसावा म्हणून. खरं काम बादलीत, टाकीत, बशीत वाकून बघण्याचं असतं आणि ते कुणाला दिसत नाही.

आता नीट वाच, कारण हे घड्याळ माझ्या डोक्यात टिकटिकतंय. डास जन्मतःच विषारी नसतो. तापलेल्या माणसाला पहिल्या चार-पाच दिवसांत चावला की तो ताप त्याच्या पोटात जातो. तिथे आठ-दहा दिवस मुरतो. मग तो डास मरेपर्यंत ज्याला चावेल त्याला ताप देत सुटतो. थोरलीला सत्तावीस तारखेला ताप आला. बाहेरच्या खोलीत पलंगावर मच्छरदाणीशिवाय झोपली होती. मी दोन दिवस उशाशी बसलो होतो, डॉक्टरांना शिव्या घालत. तिला जाळीत ठेवा, हे एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. एकोणीस वर्षं लोकांना तेच सांगत फिरलोय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तेव्हा जे चावले असतील ते आज-उद्या तयार होतील. आणि ते दूर गेलेले नसणार. तुझ्या घरातच असतील, पलंगाखाली, पडद्यामागे, काळ्या कपड्यांवर. धाकटीही त्याच घरात आहे. तिला शिंपीणबाईंकडे पाठवू नकोस, त्यांच्या मुलालाही ऑगस्टमध्ये हाच ताप येऊन गेलाय. कुठे पाठवायचं झालंच तर लांब पाठव.

पत्र फाड, पण वाचून फाड.

दादा

१३ सप्टेंबर

चिऊ,

या वेळी तुकडेही आले नाहीत. म्हणजे एक तर ठेवलंस किंवा जाळलंस.

काल पंक्चरकाकाला बघायला गेलो. का गेलो, ठाऊक नाही. रिकाम्या हाताने गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, पाय दोरीने वर टांगलेला, डोळ्यावर कापसाचा गोळा. मी काही बोललो नाही तरी त्याने मान वळवली. म्हणाला, ‘साहेब, या. वास आला तुमचा.’

मी म्हटलं, कसला वास?

‘औषधाचा. पाण्यात टाकता ना तुम्ही, त्याचा. हातांना येतो तुमच्या. त्या दिवशीपण आला होता.’

तू बसून वाच, चिऊ. उभी असशील तर बस.

थोरलीला पोहोचवून आम्ही चालत परत येत होतो. दाजी माझ्या शेजारी होते. डेपोच्या भिंतीपाशी थांबले आणि म्हणाले, ‘तुम्हाला यातलं कळतं. मला एवढंच सांगा, कुठून आला असेल हो तो डास?’ माणूस भीक मागताना बोलतो तसे बोलले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. समोर रस्त्यापलीकडे काकाचं दुकान दिसत होतं, टायरांची चळत. मी म्हटलं, ‘टायर.’ एवढाच शब्द. मला वाटलं ते मान हलवतील आणि आपण घरी जाऊ.

ते धावले. मी मागून धावलो, थांबवायला धावलो अशी माझी स्वतःची समजूत होती. काका पाठमोरा बसून ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता. दाजींनी त्याला केसांना धरून त्याच पाण्यात तोंड घातलं. तो सुटला, उठला, ओरडला, ‘अहो, काय झालं? मी काय केलं?’ खरंच विचारत होता. दाजींच्या हाताला टायर काढायची टॉमी लागली, हातभर लांब लोखंड. काकाने दोन्ही हात तोंडापुढे धरले. आणि मग मी ते हात धरले, मागून जाऊन, दोन्ही मनगटं, आणि खाली ओढले.

दाजींना नको, मला विचार, का धरलेस. कारण तो बोलत राहिला असता तर त्याने सांगितलं असतं. त्याचे ओठ हलत होते. पहिला घाव डोळ्यावर पडला तेव्हा त्याचं डोकं माझ्या छातीवर आपटलं. दुसरा गालावर. तो खाली बसू लागला तर मी त्याला उभा धरला. मग पाय. हाड मोडल्याचा आवाज मी मनगटांतून ऐकला, त्याची मनगटं माझ्या मुठीत होती ना. दाजी प्रत्येक घावाला थोरलीचं नाव घेत होते. लोक धावत आल्यावर मी हात सोडले आणि ओरडायला लागलो, ‘सोडवा रे, कुणीतरी सोडवा!’ चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझ्या शर्टावर रक्त होतं, ते सोडवताना लागलं असं सगळ्यांना वाटलं. दाजींनी पोलिसांना माझं नाव सांगितलं नाही. मेव्हण्याला वाचवलं. भला माणूस तुझा नवरा, आणि मी त्याला कुत्र्यासारखा छू करून सोडला.

काल काका काय म्हणाला ऐक. म्हणाला, ‘साहेब, तुमच्याच सांगण्यावरून प्रत्येक जुन्या टायरला भोक पाडलं होतं की मी. पाणी साचू नये म्हणून. तुम्ही दर मंगळवारी येऊन हात घालून बघायचात. एकात तरी सापडलं का कधी?’

नाही सापडलं, चिऊ. शहरात इतकी कोरडी टायरं दुसरीकडे नसतील. मी त्याला छळलं होतं त्यासाठी, दोनदा नोटीस काढली होती. गरीब बिचारा रात्रंदिवस ड्रिल घेऊन भोकं पाडत बसला. शिवाय हा डास शे-दोनशे पावलांपलीकडे सहसा जात नाही. जिथे जन्मतो तिथेच घर करून राहतो. काकाचं दुकान तुझ्या घरापासून अर्धा मैल, मधे मोठा रस्ता आणि डेपो. हे सगळं मला ‘टायर’ म्हणताना माहीत होतं.

‘पोलिसांना माझं नाव का नाही सांगितलंस?’ मी विचारलं.

‘दुसरा कोण होता ते दिसलं नाही म्हणालो. मागून धरलं होतंत ना,’ काका म्हणाला. मग म्हणाला, ‘तुम्ही परत याल अशी भीती वाटते, साहेब.’

मी खाली मान घालून निघून आलो.

तर डास टायरमधला नव्हता. घरातलाच होता. टाकी बघ, तुझ्या पाया पडतो. शिडी मोडकी आहे, शेजारची घे. मी खोटं का बोललो ते आज लिहवत नाही.

दादा

१६ सप्टेंबर, सकाळ

चिऊ,

शिंपीणबाई भेटल्या. धाकटीला कालपासून ताप आहे म्हणाल्या.

आधी हे कर, मग पुढचं वाच. तिला मच्छरदाणीत ठेव, दिवसभर, तिचा ताप आणखी कुणाला जायला नको. आजच रक्त तपासून घे. तापाला डॉक्टर सांगतील तेवढी पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही अंगदुखीची गोळी घरातली उचलून देऊ नकोस, त्यांनी रक्त वाहतं. पाणी, पेज, सरबत, जे पोटात राहील ते घोट घोट पाजत राहा. लघवीला किती वेळा जाते ते मोज. आणि खरी भीती ताप असताना नाही, ताप उतरताना आहे. थोरलीचा ताप पाचव्या दिवशी उतरला, आपण सगळे हसलो, तू तिच्यासाठी खिडकी उघडलीस. तिथेच फसलो आपण. धाकटीचा ताप उतरला आणि पोटात दुखतंय म्हणाली, सारखी उलटी झाली, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, हातपाय गार पडले, गप्प गप्प राहू लागली, यातलं एक जरी झालं तरी कुणाला विचारू नकोस, उचल आणि दवाखान्यात ने. अर्धा तास थांबू नकोस. थोरलीच्या वेळी आपण संध्याकाळपर्यंत थांबलो होतो.

आता राहिलेलं.

तुझं घर माझ्या गुरुवारच्या फेरीत शेवटचं. एकशेचाळीस घरं वाकून वाकून पाहिल्यावर तुझ्या पंख्याखाली बसायचं, तू चहा टाकायचीस, मी दाराआडच्या कार्डावर तारीख घालायचो, ‘अळी नाही’ लिहायचो आणि सही ठोकायचो. आपलंच घर. जूनच्या वादळात टाकीचं झाकण फुटलं तेव्हा दाजींनी वर गोणपाट टाकलं आणि मला म्हणाले, जरा वर जाऊन बघा एकदा. मी म्हटलं, बघतो. अकरा गुरुवार बघतो म्हटलं. वर एकदाही चढलो नाही. कार्डावर अकरा सह्या आहेत माझ्या. त्या दिवशी तू पातेलं मारलंस ना, मी तुझं सांत्वन करायला आलो नव्हतो. कार्ड काढून न्यायला आलो होतो. माझा हात दाराच्या मागे होता, तुला वाटलं मी दार धरून उभा आहे.

मी दुसऱ्या कुणाला तुझी टाकी बघायला पाठवू शकलो असतो. त्याच दिवशी, एका तासात काम झालं असतं. पण त्याने कार्ड पाहिलं असतं. म्हणून मी तुला पत्रं लिहीत बसलो, उंटावरून शेळ्या हाकत. धाकटीचे दहा दिवस माझ्या अब्रूत गेले.

थांब, अजून आहे. हे सांगितलं नाही तर बाकीचं सगळं खोटंच राहील.

तेरा ऑगस्टच्या गुरुवारी तू आत चहा करत होतीस. थोरली न्हाणीघरातून काचेचा पेला घेऊन आली. ‘मामा, बघ, हे नाचतात.’ नळाच्या पाण्यातून बादलीत आल्या होत्या चार अळ्या. डोकं खाली, शेपूट वर, पेला हलवला की कोलांट्या मारत तळाला जायच्या. एकोणीस वर्षांत लाखभर पाहिल्या असतील मी. टाकीत किती असतील हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

त्याच सकाळी मुकादमाने फळ्यावर माझ्या नावापुढे सलग नवव्या आठवड्यात ‘अळ्यांची घरं शून्य’ लिहिलं होतं. सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. आता माझ्याच बहिणीच्या घरात अळ्या म्हटल्यावर दिव्याखाली अंधार म्हणून ऑफिस हसलं असतं. मी पेला मोरीत ओतला. तिला म्हटलं, कुणाला सांगायचं नाही हं, नाहीतर मामाचं नाक कापलं जाईल. तिने माझं नाक दोन बोटांत धरलं, इकडून तिकडून पाहिलं आणि म्हणाली, ‘नाही सांगणार.’

नाही सांगितलं तिने. तुला नाही, दाजींना नाही, डॉक्टरांनी ‘घरात डास आहेत का’ विचारलं तेव्हाही माझ्याकडे बघितलं आणि गप्प राहिली. शब्दाची पक्की होती पोर. मी पुढच्या गुरुवारी वर चढणार होतो. पुढच्या गुरुवारी मी चहा प्यायलो आणि सही केली.

तिला डासाने मारलं नाही, मी मारलं. काकाचा डोळा दाजींनी काढला नाही, मी काढला. आता तुला जे करायचं ते कर. पण आधी टाकी.

तुझा भाऊ

२४ सप्टेंबर

चिऊ,

हे पत्र कोठडीतून लिहितोय. कागद हवालदाराने दिला. माझ्याकडून आधी हात धुवून घेतले.

परवा दुपारी ते मला ऑफिसातून घेऊन गेले. मुकादम फळ्यापाशी उभा होता, त्याच्या हातात खडू होता. मी बूट घालायला वाकलो तर एका शिपायाला वाटलं मी काही काढतोय, त्याने पाठीत काठी घातली. बरोबरच होतं त्याचं. ऑफिसात बूट काढून बसणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असेल.

चौकीत साहेबाने टेबलावर माझीच तीन पत्रं मांडली. तेरा तारखेचं, सोळा तारखेचं, आणि सात तुकडे झालेलं सहा तारखेचंही, पण तुझ्या अक्षरात. म्हणजे ते तू दुसऱ्या कागदावर उतरवून घेऊन मगच फाडलं होतंस. पहिल्या पत्रापासून तू सगळं वाचत होतीस. मी इथे दगडावर डोकं आपटत होतो आणि तू तिथे अक्षरन्‌अक्षर उतरवत होतीस. मला क्षणभर राग आला. मग मी हसायला लागलो, तर साहेबाने कानाखाली मारली.

‘त्या बाईंनी स्वतः आणून दिलं,’ तो म्हणाला. ‘सांगत होत्या, दोघं होते, दुसऱ्यालाही घ्या. मुलगी दवाखान्यात होती त्यांची, तीन दिवस. तिथून थेट इकडे आल्या.’

मी विचारलं, मुलगी कशी आहे?

त्याने आधी पत्रं उचलून फाइलमध्ये ठेवली. टेबलाची कड मी दोन्ही हातांनी धरली होती, नखं तुटली. मग म्हणाला, ‘घरी आली. ताप उतरल्या उतरल्या पोटात दुखायला लागलं म्हणून बाईंनी उचलून आणली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर अवघड होतं.’

तू दोन तास दवडले नाहीस, चिऊ. मी त्या टेबलावर डोकं ठेवून रडलो. कुणी मारलं नाही तेव्हा.

उद्या मला दाजींच्याच तुरुंगात नेणार आहेत. तू त्यांना जाऊन सगळं सांगितलंस असं कळलं. ते जाळीवर डोकं आपटत राहिले, शिपायांना ओढून न्यावं लागलं, असं हवालदार म्हणाला. मी त्यांच्यासमोर जाणार आहे. त्यांच्यापुढे मी हात खाली सोडून उभा राहीन, धरायला कुणी लागणार नाही. वाचलो तर बघू. काकाला मात्र कुणाकरवी तरी एवढा निरोप पोहोचव, मी आता येणार नाही. त्याला निदान झोप तरी लागेल.

इथे कोपऱ्यात पाण्याची बादली आहे, आठवडाभर कुणी हलवली नव्हती. सकाळी वाकून पाहिलं. सहा अळ्या. फरशीवर ओतली आणि शर्टाच्या बाहीने आतून कड घासली. ओल्या फरशीवरून घसरून शिपाई आपटला, त्याने उठून मला मनसोक्त बदडलं. सांगितलं त्याला, पुढच्या आठवड्यात मी नसेन, तुम्ही ओता.

साहेबाने जबाब लिहून पुढे ठेवला, पाच पानं. ‘सही कर,’ म्हणाला. मी वाचायला लागलो. ‘सगळं तूच सांगितलंय, वाचतोस काय?’ मी पाचही पानं वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. एके ठिकाणी ‘हातून धरले गेले’ लिहिलं होतं, ते खोडून ‘धरले’ करायला लावलं. तो चिडला. मग सही केली.

तेव्हा त्याने फाइलमधून कार्ड काढलं, ओळख पटवायला. तुमच्या दाराआडचं. चहाचा एक डाग आहे त्यावर, माझ्याच कपाचा. अकरा ओळी, अकरा तारखा, ‘अळी नाही’ अकरा वेळा आणि माझी लफ्फेदार सही. ह्या तुझ्याच ना, विचारलं. म्हटलं, माझ्याच.

खाली बारावी ओळ भरलेली होती. तारीख सतरा सप्टेंबर, मी शेवटचं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे धाकटी आत तापात असताना तू शेजारची शिडी लावून वर चढली होतीस. शेऱ्याच्या रकान्यात तुझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतंस, ‘अळ्या आहेत. टाकी फोडली.’ आणि पुढे तुझी सही.

दादा